वुहानमधलं बिऱ्हाड

‘वुहान’ हे नाव बहुतेक मराठी घरांत 2020 च्या जानेवारीत पहिल्यांदा ऐकू आलं. भारतात कोरोनाची लागण झालेली पहिली व्यक्ती वुहानहून सुट्टीला घरी आलेली केरळची वैद्यकीय विद्यार्थिनी होती, हे त्या वेळी सगळ्यांनी वाचलं. ही मुलगी तिथे काय करत होती, हा प्रश्न मात्र फारसा कुणाला पडला नाही. महामारीपूर्वी चीनमध्ये शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांची संख्या 23 हजारांच्या घरात होती आणि त्यातले बहुतेक डॉक्टर व्हायला गेलेले होते. इथे सरकारी जागा मिळत नाही, खासगी कॉलेजची फी झेपत नाही, मग कुणीतरी एजंट गाठून देतं आणि पोरगं चीनला जातं. मार्च 2020 च्या अखेरीस चीनने परदेशी लोकांसाठी दारं लावून घेतली. विद्यार्थ्यांचे व्हिसा पुन्हा सुरू व्हायला ऑगस्ट 2022 उजाडला. आता पुन्हा पोरं जाताहेत. या प्रकरणात त्यांच्या अभ्यासक्रमाबद्दल कमी आणि बिऱ्हाडाबद्दल जास्त सांगायचं आहे.

आधी गावाची ओळख. यांगत्से आणि हान या नद्यांच्या संगमावर वूछांग, हानखौ आणि हानयांग अशी तीन जुनी गावं आहेत. त्यांचं मिळून वुहान झालं. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या सव्वा कोटीच्या आसपास भरली. यांगत्सेवरचा पहिला पूल इथेच, 1957 साली झाला; त्याआधी आगगाडीचे डबेसुद्धा तराफ्यावर घालून पलीकडे न्यावे लागत. 2012 च्या डिसेंबरात मेट्रो नदीखालून धावू लागली, तरी आपलं कॉलेज कोणत्या काठावर आहे हे प्रवेश घेतानाच नकाशावर पाहून ठेवावं. वुहान विद्यापीठ वूछांगच्या बाजूला, पूर्व सरोवराच्या काठी आहे. ज्या तोंगजी वैद्यकीय महाविद्यालयाचं नाव एजंटांच्या तोंडी असतं ते हानखौला. हे महाविद्यालय ज्या विद्यापीठाचं आहे त्याचा मुख्य परिसर मात्र नदीपलीकडे. एका कार्यालयाचा शिक्का अलीकडे आणि दुसऱ्याचा पलीकडे असला, तर अर्धा दिवस मेट्रोत जातो.

चीनमधल्या पहिल्या महिन्यात सगळ्यात महत्त्वाचा असतो तो क्रम. तिथे एकेक गोष्ट दुसरीच्या आधारावर उभी असते आणि मधली एक हुकली की पुढच्या सगळ्या अडतात. नियमाने पोचल्यापासून 24 तासांत तुमच्या राहण्याच्या पत्त्याची पोलिसांत नोंद व्हावी लागते. हॉटेलात उतरलात तर ती हॉटेलवाले करतात, वसतिगृहात बहुधा कार्यालय करतं, पण कुणा मित्राच्या खोलीवर उतरलात तर चौकीत तुम्हालाच जावं लागतं. तिथून एक साधा छापील कागद मिळतो. दिसायला किराणा दुकानाच्या पावतीइतकाच किरकोळ, पण पुढचे सगळे जण आधी तोच मागतात.

दीर्घ मुदतीच्या शिक्षणाचा जो व्हिसा मिळतो त्याला एक्स-वन म्हणतात. त्यावर मुक्कामाच्या दिवसांच्या रकान्यात तीन शून्यं छापलेली असतात. ती पाहून घरचे घाबरतात. त्याचा अर्थ एवढाच, की हा व्हिसा तुम्हाला फक्त दारातून आत घेतो. आत राहण्याचा परवाना 30 दिवसांच्या आत पोलिसांच्या परदेशी नागरिक विभागाकडे अर्ज करून वेगळा काढायचा. त्यासाठी ठरलेल्या केंद्रात उपाशीपोटी जाऊन तपासणी करून घ्यावी लागते. रक्त, छातीचा एक्स-रे, ईसीजी आणि सोनोग्राफी असा तो कार्यक्रम असतो. मग पासपोर्ट जमा करायचा. तो हातात नसताना, म्हणजे पंधरा दिवसांपर्यंत, फोटो चिकटवलेली पोच हीच तुमची ओळख. याच काळात पोरांना बँकेत खातं उघडायचं असतं आणि बँक मूळ पासपोर्ट मागते. म्हणून जाणत्या सीनियरचा सल्ला असतो तो असा: आधी सिमकार्ड, मग जमलं तर बँक, आणि त्यानंतर पासपोर्ट पोलिसांकडे. काही बँका परवान्याशिवाय खातं उघडत नाहीत. तिथे थांबण्यावाचून इलाज नसतो.

आपल्या मुलांची खरी पंचाईत होते ती नावापाशी. चिनी नाव दोन-तीन अक्षरांचं, आडनाव आधी. आपल्या पासपोर्टावर आडनाव एका ओळीत, स्वतःचं आणि वडिलांचं नाव दुसऱ्या ओळीत, असा मोठा बारदाना. सिमकार्डाच्या दुकानातली मुलगी ते सलग, मध्ये जागा न सोडता टाइप करते. बँकेतला कारकून स्वतःचं नाव आधी घेतो. कॉलेजच्या यादीत वडिलांचं नाव गळलेलं असतं. तिन्ही ठिकाणी माणूस एकच असतो, पण संगणकाच्या लेखी ते तिघं वेगळे. फोन क्रमांक, बँक खातं आणि पैसे देण्याचं अॅप यांवरचं नाव अक्षरशः जुळल्याशिवाय खातं चालू होत नाही आणि पडद्यावर तीच लाल ओळ पुन्हा पुन्हा येत राहते. यावर उपाय कंटाळवाणा आहे, पण एकच. नाव तोंडी सांगायचं नाही. पासपोर्टच्या माहितीच्या पानावर तळाला यंत्राने वाचायच्या दोन ओळी असतात, त्यांत आहे त्याच क्रमाने सगळीकडे लिहून घ्यायचं आणि सही करण्याआधी काउंटरवरचा पडदा आपल्याकडे वळवून बघायचा. यात कुणाला राग येत नाही. तिथले लोकही बघतात.

एवढा अट्टहास कशासाठी, तर त्या फोनवाचून तिथे पान हलत नाही. यूपीआयची सवय झालेल्या आपल्या मुलांना क्यूआर कोडचं नवल नसतं. भाजीवाली, बस, कपडे धुण्याचं यंत्र, कॅन्टीन, सगळीकडे अलीपे किंवा वीचॅट. रोख नाणं कायदेशीर आहे आणि नाकारता येत नाही, पण शंभराच्या नोटेला सुटे कुणाकडेच नसतात. जुलै 2023 पासून या दोन्ही अॅपना परदेशी व्हिसा आणि मास्टरकार्ड जोडता येतं, त्यामुळे पहिले दिवस निभतात. दोनशे युआनच्या वरच्या व्यवहारावर मात्र तीन टक्के कापले जातात आणि मित्राला थेट पैसे पाठवता येत नाहीत, म्हणजे चौघांनी जेवून बिल वाटून घ्यायची सोय नाही. म्हणून स्थानिक खातं लागतंच. आणि हे सगळं जमलं म्हणून भारतातलं सिमकार्ड बंद करू नये. घरची बँक ओटीपी त्याच नंबरवर पाठवते.

घरच्यांशी बोलायचं कसं, ही गोष्ट जरा विचित्र आहे. चीनमध्ये व्हॉट्सअॅप, गूगल, यूट्यूब, फेसबुक चालत नाही. तिथे सगळे वीचॅटवर. पण भारत सरकारने 29 जून 2020 रोजी ज्या 59 अॅपवर बंदी घातली त्यांत वीचॅटही होतं. म्हणजे एक भिंत तिकडून आणि एक इकडून. मधल्या फटीतून आई लेकाशी बोलते. फट म्हणजे भारतीय सिमचं रोमिंग. परदेशी सिमचा डेटा आपल्याच देशातल्या कंपनीमार्फत फिरून येत असल्यामुळे त्यावर व्हॉट्सअॅप उघडतं. ते महाग पडतं, म्हणून रोजचे निरोप आणि फोटो त्यावर आणि लांबलचक गप्पा दुसऱ्या कशावर, अशी घराघरांत वाटणी ठरते. व्हीपीएनचा रस्ता सगळे एकमेकांच्या कानात सांगतात. तो कायद्याच्या दृष्टीने सरळ नाही, आणि मोठ्या राजकीय सभांच्या दिवसांत तर हमखास दगा देतो. वेळेचा हिशेब त्यामानाने सोपा: अख्ख्या चीनचं घड्याळ एकच आणि ते आपल्यापेक्षा अडीच तास पुढे. घरी आठच्या बातम्या लागतात तेव्हा तिथे साडेदहा वाजलेले असतात आणि बऱ्याच वसतिगृहांचं फाटक अकराला बंद होतं.

परदेशी विद्यार्थ्यांचं वसतिगृह बहुधा वेगळं असतं. चिनी मुलं एका खोलीत चार किंवा सहा. परदेशी दोघं, कधी एकटाच. सोय चांगली, पण एक खोट आहे, तिच्याकडे पुढे येऊ. दारात बसणाऱ्या बाईंना ‘आयी’ म्हणतात. कोण कधी आलं, कुणाचं पार्सल पडून आहे, कुणाच्या खोलीतून फोडणीचा वास येतोय, हे सगळं त्यांना ठाऊक. फोडणीचा मुद्दा गंभीर आहे. खोलीत शेगडी, इंडक्शन, राइस कुकर ठेवायला बंदी असते. विजेचा भार एका मर्यादेपलीकडे गेला की खोलीची वीज आपोआप तुटते आणि मग तपासणी येते. आईने प्रेमाने दिलेला छोटा कुकर वर्षभर बॅगेत राहतो. काही इमारतींत मजल्यावर एक सामाईक स्वयंपाकघर असतं. प्रवेशाच्या वेळी फीची चौकशी सगळेच करतात. या स्वयंपाकघराची कुणी करत नाही, आणि सहा वर्षांचं सुख-दुःख पुष्कळसं त्यावर अवलंबून असतं.

दुसरी न विचारलेली गोष्ट थंडी. वुहानची ख्याती भट्टीसारख्या उन्हाळ्याची. चोंगचिंग, वुहान आणि नानचिंग ही यांगत्सेकाठची तीन शहरं त्यासाठी एकत्र मोजली जातात. नागपूर-अकोल्याच्या मुलाला त्याचं काही वाटत नाही, फक्त दमटपणा नवा. त्याला हिवाळा गाठतो. चीनमध्ये छिनलिंगचे डोंगर आणि ह्वाय नदी यांच्या रेषेच्या उत्तरेला सरकारी व्यवस्थेतून घरं तापवली जातात, दक्षिणेला नाही. 1950 च्या दशकात कोळसा अपुरा होता, तेव्हा आखलेली ही रेषा. वुहान तिच्या दक्षिणेला येतं. जानेवारीचं सरासरी तापमान चार अंशांच्या आसपास, हवा ओली आणि भिंती गार. बीजिंगमधला मित्र बाहेर उणे आठ असताना खोलीत टी-शर्टवर बसतो आणि वुहानमधला चार अंशांत खोलीतही जॅकेट घालून. वर्गात तर हातमोजे काढून लिहावं लागतं. गादीवर घालायची विजेची चादर आणि गरम पाण्याचा थर्मास, एवढ्यावर तिथली माणसं हिवाळा काढतात. गरम पाण्याचे नळ दर मजल्यावर, स्टेशनात, गाडीच्या डब्यात असतात. पिण्याचं पाणी म्हणजे गरमच, अशी तिथली रीत; ताप आला तरी आधी तेच सांगतात.

आता खाणं. वुहानचं खाणं सुरू होतं ते रस्त्यावरच्या न्याहारीपासून, आणि तिथल्या लोकांना तिचा अभिमान आहे. रेगानम्येन म्हणजे तिळाच्या दाट वाटणात घोळलेल्या कोरड्या शेवया. त्या करताना पाहण्यासारख्या असतात. शेवया आदल्या रात्रीच अर्धवट उकडून, तेल लावून, पंख्याखाली मोकळ्या करून ठेवलेल्या. गिऱ्हाईक आलं की मूठभर शेवया लांब दांड्याच्या झाऱ्यात घालून उकळत्या पाण्यात दोन-चार हिसके द्यायचे, कागदी वाडग्यात उलटायच्या, वर तिळाचं वाटण, मिरचीचं तेल, मुळ्याच्या लोणच्याचे तुकडे, आंबवलेली चवळीची शेंग, कांद्याची पात. सगळं मिळून अर्धा मिनिट. मग माणूस चालता चालता कालवतो आणि बसथांब्यापर्यंत संपवतो. कालवायला उशीर केला तर वाटण घट्ट होऊन शेवयांचा गोळा होतो. नवखा तिथेच फसतो. शाकाहारी मुलाने एक पाहायचं: वाटणाआधी बाई एका भांड्यातून पळीभर तपकिरी रस घालते, तो बहुधा मांस शिजवलेला असतो. तो नको म्हणून आधीच सांगावं. पळी वाडग्यावर आल्यावर सांगून उपयोग नाही.

शाकाहार चीनमध्ये अशक्य नाही, निसरडा आहे. ‘मी मांस खात नाही’ असं सांगितलं की भाजी येते, आणि तिच्यात चवीपुरता डुकराचा खिमा असतो. स्वयंपाक्याच्या मते ते मांस नव्हेच; मांस म्हणजे ज्याचे तुकडे दिसतात ते. त्यापेक्षा ‘वो छ-सू’, म्हणजे मी व्रताचं खातो, असं सांगितलं की चेहऱ्यावर समजल्याची खूण उमटते, कारण बौद्ध मठांचं अन्न त्यांना माहीत असतं. मठांच्या आसपासच्या सात्त्विक खानावळींत कांदा-लसूणही नसतो, म्हणजे जैन मुलांचीही सोय होते. हानयांगला क्वेईयुआन नावाचा जुना मठ आहे. तो मुद्दाम पाहावा असाही आहे. कॅन्टीनमध्ये आपली मुलं जगतात ती टोमॅटो-अंडं आणि व्हिनेगर-मिरचीत परतलेल्या बटाट्याच्या किसावर. शिनच्यांगी दुकानात तंदूरमधली रोटी आणि जिरं लावलेलं मटण मिळतं. आठवडाभर सोया सॉस खाल्ल्यावर त्या जिऱ्याच्या वासाने डोळे भरून येणारी माणसं असतात. शेंगदाणे, मूग, कोथिंबीर, आलं कोपऱ्यावरच्या बाजारात. तूरडाळ आणि कढीपत्ता मात्र नाही. दही गोड असतं. एकादशीला साबुदाणा हुडकायला जाल तर तो नारळाच्या दुधातल्या गोड पदार्थात बुडालेला सापडतो.

आता वसतिगृहाची ती खोट. परदेशी मुलांचं वसतिगृह वेगळं, त्यांचे वर्ग इंग्रजीतले आणि मेस चालवणारा कुणीतरी आपल्याकडचाच. दिवाळीचा फराळ आणि गणपतीची आरतीसुद्धा तिथेच. या वर्तुळात सहा वर्षं काढता येतात आणि पुष्कळ जण काढतात. चिनी भाषेचा तास असतो, पण तो पास होण्यापुरता. एजंट तर सांगूनच पाठवतो, की सगळं इंग्रजीत आहे, काळजी नको. माझ्या मते चीनला जाणाऱ्या मुलांची सगळ्यात मोठी फसवणूक फीच्या आकड्यात होत नाही, या वाक्यात होते. पाठ्यपुस्तक इंग्रजीत असेल. पोटदुखी इंग्रजीत नसते.

वैद्यकीय अभ्यासाचं शेवटचं वर्ष रुग्णालयातलं. भारताच्या राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नोव्हेंबर 2021 मध्ये काढलेल्या नियमांनुसार परदेशातून डॉक्टर होणाऱ्याचा अभ्यासक्रम किमान 54 महिन्यांचा हवा, वर बारा महिन्यांची इंटर्नशिप त्याच परदेशी संस्थेत हवी, आणि त्या देशात डॉक्टरकी करायला तो पात्र ठरला पाहिजे. म्हणजे चिनी रुग्णाशी बोलणं टाळून घरी येता येत नाही. सप्टेंबर 2022 मध्ये बीजिंगच्या भारतीय दूतावासाने जे सूचनापत्र काढलं त्यात दोन गोष्टी स्पष्ट होत्या. चिनी भाषेच्या सरकारी परीक्षेची चौथी पायरी गाठल्याशिवाय पदवी मिळणार नाही. आणि 2015 ते 2021 या काळात भारतातली पात्रता परीक्षा दिलेल्या चीनमधल्या 40,417 जणांपैकी 6,387 उत्तीर्ण झाले, म्हणजे शंभरात सोळा.

ती चौथी पायरीही वुहानमध्ये अपुरी पडते. पुस्तकातली चिनी म्हणजे उत्तरेकडची प्रमाण बोली. वुहानची म्हातारी माणसं ‘न’ आणि ‘ल’ एकमेकांत मिसळतात, ‘श’चा ‘स’ करतात आणि सूरही वेगळे लावतात. ‘श’ गेला की चार आणि दहा यांत फरक राहतो तो फक्त सुराचा. औषध दिवसातून चारदा घेतलं की दहा दिवस घेतलं, हे समजून घेताना नवशिक्याची भंबेरी उडते. तिथे हाताची खूण कामाला येते. चीनमध्ये एक ते दहा आकडे बहुतेक एकाच हाताने दाखवायची रीत आहे. सहासाठी अंगठा आणि करंगळी ताणायची, दहासाठी मूठ दाखवायची किंवा दोन्ही हातांची बोटं एकमेकांवर तिरपी धरायची. आठवड्यात शिकता येते आणि बाजारातही उपयोगी पडते.

भाषेची ही गरज नवी नाही. या शहरात मराठी डॉक्टर 1938 च्या शरदातही आले होते. जपानशी लढणाऱ्या चीनच्या मदतीला काँग्रेसने पाठवलेल्या वैद्यकीय पथकातले पाच जण वुहान जपान्यांच्या हाती पडण्यापूर्वीच्या काही आठवड्यांत हानखौला पोचले. त्यांत सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते आणि नागपूरचे मोरेश्वर चोळकरही. पाचही जणांना चिनी नावं मिळाली आणि प्रत्येकाच्या नावाचं शेवटचं अक्षर चीनवाचक ‘ह्वा’ होतं. कोटणीस झाले ‘ख दीह्वा’. बाकीचे परतले, कोटणीस राहिले. पुढे उत्तरेकडच्या डोंगराळ आघाडीवर कॅनेडियन डॉक्टर बेथ्यून यांच्या नावाचं रुग्णालय त्यांनी चालवलं, तिथल्या मुलांना चिनीतून शिकवलं, क्वो छिंगलान या परिचारिकेशी लग्न केलं आणि 9 डिसेंबर 1942 रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी अपस्माराने त्यांचा मृत्यू झाला. व्ही. शांतारामांच्या 1946 च्या चित्रपटामुळे आपल्याला त्यांचा त्याग आठवतो. त्यांनी चार वर्षांत शिकवण्याइतकी भाषा कमावली, तीही वसतिगृह आणि भाषेचा तास नसताना, हे सहसा कुणी सांगत नाही. चीनमध्ये त्यांचं नाव आजही घेतात. मुंबईच्या बाजूचा आहे म्हटल्यावर एखादा वयस्क प्राध्यापक ‘ख दीह्वा’ म्हणून तुमच्याकडे बोट दाखवेल.

भाषा शिकायला वर्गाइतकेच न्हाव्याचं दुकान, बॅडमिंटनचा हॉल आणि न्याहारीची गाडी उपयोगी. त्याहून चांगला मार्ग म्हणजे भाषेचा जोडीदार. चिनी मुलांना इंग्रजीच्या परीक्षा द्यायच्या असतात, तुम्हाला चिनी हवी असते. एक तास तुमचा, एक तास त्याचा, चहाचे पैसे आळीपाळीने. ग्रंथालयाच्या फळ्यावर आणि वर्गाच्या वीचॅट गटांत अशा चिठ्ठ्या लागलेल्या असतात. फक्त शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी निवडू नये. पदव्युत्तर प्रवेशाची देशव्यापी परीक्षा डिसेंबरच्या अखेरीस असते, आणि तिच्या तयारीला लागलेला मुलगा सप्टेंबरनंतर सकाळी ग्रंथालय उघडण्याआधीच जागा धरायला रांगेत उभा असतो. तो तुमच्याशी बोलणार नाही. पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षाचा बघावा, आणि वसंतोत्सवाची, म्हणजे चिनी नववर्षाची, सुट्टी संपवून सगळे परत आले की, म्हणजे फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये, लगेच गाठावा.